चाकाचा आस आणि घरचा हिशेब



आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. वाङ्मयाचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार असलेला माणूस मोटारीच्या पुढच्या चाकातील बेअरिंगवर काय बोलणार? परंतु महिन्याच्या ठरावीक मिळकतीत घर आणि गाडी दोन्ही सांभाळणाऱ्या कुटुंबांपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. गॅरेजचे देयक पाहून घरातला कर्ता पुरुष विचारतो, "हे काम घरीच केले तर?" या प्रश्नाचे उत्तर सरसकट होकारार्थी नाही, तसे नकारार्थीही नाही.

आपल्या खान्देशाला चाकाचे शास्त्र नवे नाही. बैलगाडीचा आख कुरकुरू लागला, की गाडीवान लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी चाक उतरवून वंगण घालीत असे. लाकूड व लोखंड एकमेकांवर घासत असताना घर्षण कमी करण्याचा तो उपाय होता. बेअरिंगने त्यापुढचे पाऊल टाकले आणि घासण्याच्या जागी लोळणे आणले. पोलादी कड्यांमध्ये गोळ्या किंवा रोलर बसवले, की चाक फिरते आणि भारही पेलला जातो. वेल्समधील फिलिप वॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे एकस्व १७९४ साली घेतले. अमेरिकेत हेन्री टिमकेन याला निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे एकस्व १८९८ साली मिळाले. आपल्या देशात जयपूरच्या नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज या कारखान्याची स्थापना १९४६ सालची आहे.

या इवल्याशा वस्तूवर किती भार पडतो, तेही पाहा. जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. छोट्या मोटारीच्या चाकाचा परीघ १.६ मीटर धरला, तर पाळधी, एरंडोल, पारोळा मागे टाकीत धुळ्यास पोहोचेपर्यंत प्रत्येक चाक सुमारे ५६ हजार फेरे घेते. प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच गोळ्यांवर बसतो. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ आणि पावसाळ्यातील साचलेले पाणी. बेअरिंगच्या कडेचे रबरी सील एकदा फाटले, की धूळ व पाणी आत शिरते, ग्रीस निकामी होते आणि पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात.

ही झीज चोरपावलांनी येत नाही, ती आवाज देऊन येते. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर ही तिची पहिली खूण. टायरही असा आवाज करतात, पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा सहसा तसाच राहतो. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळी घरघर वाढली, तर उजव्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उजव्या वळणावर वाढली, तर डाव्याचा. मग गाडी सपाट जागी उभी करावी, मागच्या चाकांना दगड लावावेत, जॅकने पुढचे चाक उचलावे आणि गाडीखाली भक्कम लोखंडी स्टँड द्यावा. चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली, तर घरातील कोणाला तरी ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच खडखड थांबली, तर दोष बहुधा बेअरिंगचा. तरीही राहिली, तर खालचा बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगचे सांधे पाहावेत. एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले, तर बिघडलेल्या बेअरिंगची थरथर बोटांना कळते. एवढी परीक्षा प्रत्येक घरी होऊ शकते आणि तिला छदामही लागत नाही.

आता बदलण्याविषयी. अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनी यांसारख्या मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाड्यांत पुढचे चाक साध्या दांड्यावर फिरत असे. आतले आणि बाहेरचे अशी दोन बेअरिंगे काढून, धुऊन, नवे ग्रीस भरून बसवणे हे हौशी माणसाच्या आवाक्यातले होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती देणारी रचना मध्यमवर्गाच्या दारात पोहोचली. या रचनेत बेअरिंग नकलमध्ये घट्ट दाबून बसवलेले असते. ते काढण्या-बसवण्यास हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या गोळ्या कड्यांवर खळगे पाडतात आणि नव्या बेअरिंगची घरघर थोड्याच दिवसांत सुरू होते. वाचवलेले पैसे दुप्पट होऊन जातात.

म्हणून माझे सांगणे मध्यममार्गाचे आहे. ज्याचा हात पान्यांवर बसलेला आहे, त्याने चाक, ब्रेकचा कॅलिपर, डिस्क उतरवून नकल सोडवावा. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. मोकळा नकल प्रेस असलेल्या कारागिराकडे न्यावा. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर, हब दाबताना आतल्या कड्यावर हवा, हे आपल्याला ठाऊक असावे. परत जोडताना मधला नट नवा घ्यावा, चाकावर गाडीचे वजन येण्यापूर्वी तो आवळावा आणि अखेरचा ताण कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने द्यावा. अंदाज येथे कामाचा नाही. शेवटी चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.

हिशेबही प्रामाणिक असावा. बेअरिंगची किंमत घरी काय, गॅरेजमध्ये काय, सारखीच. वाचते ती केवळ मजुरी, आणि तीही पूर्ण नव्हे. एका कामासाठी टॉर्क पाना, मोठा सॉकेट, स्टँड विकत घेतले, तर बचत उरतच नाही. चार घरांनी मिळून ही हत्यारे घेतली, तर मात्र ती वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. आणि स्वस्ताईच्या मोहाने बनावट बेअरिंग घेऊ नये, अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊनच माल घ्यावा.

या साऱ्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. शिकलेल्या माणसाने हात काळे करू नयेत, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात खोल रुजली आहे. मुलगा आयटीआयला गेला, तर आपण नातेवाइकांत आवाज खाली आणतो, आणि त्याच मुलासारख्या एखाद्याने घट्ट केलेल्या नटाच्या भरवशावर सहकुटुंब महामार्गावर निघतो. स्वतः एकदा चाक उतरवले, की कारागिराच्या कौशल्याची किंमत कळते. त्याच्याशी घासाघीस करताना जीभ आपोआप आवरते, आणि त्याने खोटे काम केले तर तेही आपल्या ध्यानात येते.

काटकसर हा सद्गुण आहे, पण तिची सीमा चाकापाशी आहे. चाकात बसतात आपली लेकरे, आपले वृद्ध आई-वडील. शंका असेल तेथे जाणत्याला विचारावे. या रविवारी आपापल्या गाडीचे पुढचे चाक उचलून एकदा हलवून पाहा. आवाज आला, तर पुढच्या प्रवासाआधी त्याचा निकाल लावा, घरी असो वा गॅरेजमध्ये.