गोळ्या नियमित, तरी सीडी-फोर का वाढत नाही?

गटाच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. "ताई, एआरटीची एकही गोळी चुकवली नाही. विषाणू तपासणीत सापडत नाही, मग सीडी-फोर २००च्या वर का जाईना?" घरचे लगेच म्हणतात, हिनेच गोळ्या बुडवल्या असतील. आज त्याबद्दलच बोलू या.

सीडी-फोर म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. पण रक्तात फिरतात त्या थोड्याच. बहुतेक राहतात मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या लसीका ग्रंथींत आणि आतड्याच्या अस्तरात. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते ना, ती हीच ग्रंथी.

ग्रंथीच्या आत बारीक धाग्यांची जाळी असते. नव्या पेशी तिच्या आधाराने फिरतात आणि जगण्यासाठी लागणारे रसायन तिथूनच घेतात. एचआयव्हीमुळे तिथे सतत दाह होतो. भाजलेल्या जागी कातडी घट्ट, ओढल्यासारखी होते, तसे ग्रंथीत कोलॅजेन साचते. मग पेशी जाळीपर्यंत पोचत नाहीत आणि मरतात. पेशी कमी झाल्या की जाळीही झिजते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे टिमोथी शाकर, अॅशली हासे आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हे दाखवले: ग्रंथीत कोलॅजेन जितके जास्त, तितकी उपचारानंतर सीडी-फोरची वाढ कमी. गोळ्या विषाणूला आवरतात, जुना वण पुसत नाहीत.

म्हणून उपचार लवकर सुरू करणे महत्त्वाचे. आपल्याकडे सरकारी एआरटी २००४पासून मोफत आहे. २०१७पासून तर सीडी-फोर कितीही असो, निदान झाले की गोळ्या सुरू करतात.

आकडा वाढला नाही म्हणून गोळी सोडू नका, सोडली तर विषाणू पुन्हा वाढतो. डॉक्टरांनी कोट्रायमोक्साझोल दिले असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, यातले काहीही दिसले तर टीबीची तपासणी करून घ्या. आकडा कमी राहण्याची इतरही कारणे असतात, ती डॉक्टरांना विचारा. शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

आणि घरच्यांनो, विषाणू तपासणीत सापडत नाही म्हणजे गोळ्या वेळेवर पोटात जात आहेत. तिला बोल लावू नका.