विशी ते तिशी



छत्रपति संभाजीनगराहून जळगांवकडे जातांना अजिंठ्याचा घाट उतरला कीं फर्दापूरचा तिठा लागतो. लेणीं पाहावयास आलेल्या प्रवाशाची स्वतःची मोटार येथेंच थांबते. पुढचे सुमारें चार किलोमीटर त्याला एस्. टी.च्या गाडीनें जावें लागतें. पुष्कळांना हा जाच वाटतो. परंतु हेतु साधा आहे : मोटारींचा धूर दीड हजार वर्षांपूर्वींच्या चित्रांपासून दूर राहावा. एका मोटारीनें रंग उडत नाहीं, दहांनींहि तो उडाल्याचें दिसत नाहीं. दिसतें तेव्हां उशीर झालेला असतो. १९२० नंतर निजाम सरकारनें इटलीहून तज्ज्ञ आणवून उखडूं लागलेलीं चित्रें पक्कीं करून घेतलीं. काम कुशल हातांचें होतें. तरी त्या वेळीं दिलेला लाखेचा थर पुढें पिवळा पडला आणि तो काढीत बसण्याचें काम पुढच्या पिढ्यांकडे आलें.

मला आज बोलावयाचें आहे तें चित्रांविषयीं नव्हे, त्या तिठ्यावरच्या तरुणांविषयीं. स्फटिकाचे दगड विकणारे, डोली वाहणारे, दुकान सांभाळणारे असे हे तरुण. यांना प्रकृति कशी आहे म्हणून विचारलें तर ते हंसतील. आपल्याला प्रकृति म्हणून कांहीं असते, हें विशींतल्या माणसाला ठाऊकच नसतें.

आपल्या व्यवस्थेलाहि तें फारसें ठाऊक नसावें. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्याच पालघरास सुरू झाला. तिशी गांठलेल्यांसाठीं रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या तपासणीची सरकारी योजना आहे. मधल्या बारा वर्षांचें काय? मुलगी गरोदर राहिली म्हणजे तिची तपासणी होते; मुलगा पोलीसभरतीस उतरला तर त्याची. बाकीच्यांच्या वाट्यास कोणी जात नाहीं. आणि माव्याची पहिली पुडी, जागरणाची नोकरी, खानावळीचें जेवण हीं सारीं नेमकीं याच वर्षांत सुरू होतात. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. परंतु तंबाखूची संवय कायद्याच्या वेशीशीं थांबत नाहीं, हें आपण रोज पाहतों.

माझा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला काय होणार, असें आया म्हणतात. त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगतों. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां शास्त्रज्ञांचें छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, म्हणजे दोघेहि सडसडीत. परंतु अंगांतील चरबी मोजली तों युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! एक मॅरेथॉन धांवणारा, आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे लिफ्टचें दार मिटण्यापूर्वीं आंत शिरण्यासाठीं धांवणें, असा विनोदहि त्यांनीं तेथें केला आहे. हंसूं येतें, पण आपल्या लोकांचें हेंच दुखणें आहे. बारीक देहांत चरबी दडून बसते. म्हणून वजनकांट्यावर विसंबूं नये, कमरेस फीत लावावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आंत असावी.

शहरांतल्या पुष्कळ घरीं रक्तदाब मोजण्याचें यंत्र असतें. तें बाबांचें म्हणूनच ओळखलें जातें. मुलें सुटीस घरीं आलीं म्हणजे त्याच पट्ट्यांत त्यांचाहि दंड घालावा. आधीं अर्धा तास चहा व सिगारेट नको; पांच मिनिटें स्वस्थ बसवून दोनदां मोजावें आणि आंकडा तारखेसह वहींत टिपावा. एकदां वाढलेला आंकडा म्हणजे रोग नव्हे. निरनिराळ्या दिवशीं वरचा १४० किंवा खालचा ९० च्या घरांत जाऊं लागला तर मात्र डॉक्टर गांठावा. वाढलेला दाब दुखत नाहीं, खुपत नाहीं, आणि मूत्रपिंडाचा नाश करीत राहतो. आईबापांपैकीं कोणी मधुमेही असेल तर उपाशीपोटींची साखर पाहावी. ती १०० च्या आंत हवी. मुलींच्या रक्तांतील हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खालीं नाहीं ना, हेंहि एकदां पाहून घ्यावें. लग्न ठरल्यावर नव्हे, त्यापूर्वीं.

फर्दापूरच्या डोलीवाल्याजवळ असें यंत्र कोठून असणार? महाराष्ट्राच्या सरकारी आरोग्य केंद्रांत २०२३ पासून उपचार विनामूल्य झाले आहेत हें खरें. परंतु पैसा न पडला तरी अर्धा दिवस पडतो, आणि प्रवाशांच्या हंगामांत अर्धा दिवस म्हणजे कांहीं थोडा नव्हे. तेव्हां तपासणीनेंच तिठ्यावर जावें. दिवसहि शोधावयास नको : अजिंठ्याचीं लेणीं दर सोमवारीं बंद असतात.