जोतिबाच्या डोंगरावरचे पाणी

कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळ्याच्या शेजारी,
जेथील पायरीन् पायरी गुलालाने माखलेली असते,
ते वाडी रत्नागिरी गाव
आपण देवाच्या नावाने, जोतिबा म्हणूनच ओळखतो.

डोंगरमाथ्यावर पाऊस विपुल, पण पाणी ठरत नाही.
म्हणून येथे देवळांइतकीच तळ्यांचीही मातब्बरी.

येथील यमाईदेवीच्या देवळासमोर दोन तीर्थे, म्हणजे पवित्र तळी, आहेत.
एक १७४३ साली करवीरच्या राणी जिजाबाईसाहेबांनी बांधविले;
दुसरे, जामदग्न्य तीर्थ, सरदार राणोजी शिंदे यांनी.
याच राणोजींनी, १७३० च्या सुमारास,
मूळच्या लहान देवळाच्या जागी
केदारनाथाचे, म्हणजेच जोतिबाचे, आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर उभारले.
सरदारांनी देवळे बांधली, याचे नवल नाही;
पाण्याचीही तजवीज केली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस गावोगावच्या उंच सासनकाठ्या येतात,
साताऱ्याकडील पाडळीची काठी पहिल्या मानाची,
दवणा वाहिला जातो,
आणि ‘चांगभलं’च्या गजरात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही.

या गर्दीत तळी पाहायची राहून जातात.
श्रोतेहो, देवळांइतकीच तळीही पाहा.
त्यासाठी पावसाळा सरल्यावर जावे;
रविवार मात्र टाळावा, तो देवाचा वार.