लहान पेटींतील वाऱ्याची वाट
(नभोवाणीवरील भाषण)



टेबलाच्या कोपऱ्यावर मावेल एवढ्या पेटींत पूर्ण सामर्थ्याचा संगणक बसवावा, अशी इच्छा आज शहरांतील पुष्कळ कुटुंबांत दिसते. घरें लहान आहेत, तेव्हां तींत वावगें कांहीं नाहीं. अडचण येते ती ग्राफिक्स कार्ड निवडतांना. एक कार्ड एका पंख्याचें, दुसरें तीन पंख्यांचें, तिसरें चोहोंकडून झांकलेलें. आणि ज्याला पंखे अधिक तें अधिक थंड, असा हिशेब करून माणूस मोकळा होतो. मोठ्या पेटींत हा हिशेब बहुधा जुळतो. लहान पेटींत तो फसतो. तो कां फसतो, आणि त्याऐवजीं कोणता हिशेब करावा, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

कार्ड जेवढी वीज घेतें, तेवढी जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. पंखा ही उष्णता नाहींशी करीत नाहीं. तो तिला केवळ दुसऱ्या ठिकाणीं पोंचवितो. समजा, कार्ड ३०० वॅटचें आहे. त्यावरून जाणारी हवा १५ अंशांहून अधिक तापूं नये असें ठरविलें, तर दर सेकंदास सुमारें १७ लिटर हवा लागते. लहान पेटीचें आकारमान मात्र १० लिटरांच्या आसपास, आणि त्यांतहि बरीच जागा यंत्राच्या भागांनींच व्यापलेली! म्हणजे पेटींतील हवा दर सेकंदास एकदांहून अधिक वेळां पालटली पाहिजे. ती पालटली नाहीं, तर पंखे तीच तापलेली हवा पुनःपुन्हां ओढूं लागतात. चूल पेटवून धुराडें बंद करण्यासारखाच हा प्रकार आहे.

आतां कार्ड थंड राखण्याच्या तीन मुख्य तऱ्हा पाहूं. पहिली ब्लोअरची. एकच चक्राकार पंखा हवा ओढून बंद आवरणांतून नेतो आणि मागील जाळींतून पेटीबाहेर टाकतो. एनव्हिडियानें २०१६ सालीं स्वतःच्या नांवानें विकलेलें १८० वॅटचें जीटीएक्स १०८० ह्याच तऱ्हेचें होतें. पेटी फारशी तापत नाहीं, हा हिचा गुण. पण अरुंद वाटेनें हवा रेटण्यासाठीं पंखा वेगानें फिरवावा लागतो, आणि पंख्याची गति दुप्पट केली कीं आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं वाढतो. त्यामुळें ही तऱ्हा आतां मुख्यतः व्यवसायाच्या कामाच्या कार्डांत आढळते. २०२१ सालचें आरटीएक्स ए२००० हें त्यांपैकींच. तें अवघें ७० वॅटचें असल्यामुळें लहान पेटींत सुखानें नांदतें.

दुसरी तऱ्हा उघड्या रचनेची. दोन किंवा तीन पंखे धातूच्या पातळ पत्र्यांवर सरळ वारा घालतात. पंखे मोठे व सावकाश फिरणारे, म्हणून आवाज कमी. परंतु तापलेली हवा कार्डाच्या कडांनीं निसटून बहुतांशीं पेटींतच पसरते. ती बाहेर घालविण्याचें काम पेटीचें.

तिसरी तऱ्हा आरपार वाऱ्याची. २०२० सालच्या आरटीएक्स ३०८० मध्यें एका पंख्याचा वारा कार्डाच्या एका टोकांतून पलीकडे निघूं लागला. २०२५ सालच्या आरटीएक्स ५०९० मध्यें मुख्य विद्युत्पट्टी आंखडून मध्यभागीं घेतली आणि दोन्ही पंख्यांना आरपार वाट दिली. २०२२ सालच्या ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० ला तीन स्लॉटांची जाडी लागत होती. ह्या ५७५ वॅटच्या कार्डाला दोन पुरल्या. अर्थात् हें सर्व एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्त्यांविषयीं आहे. इतरांनीं बनविलेल्या त्याच नांवाच्या कार्डांची रचना निराळी असते.

मग श्रेष्ठ कोणती? ह्या प्रश्नाचें उत्तर पेटी देते. कांहीं लहान पेट्यांत कार्ड व मदरबोर्ड पाठीशीं पाठ लावून उभे असतात. मध्यें एक भिंत, आणि दोहोंना जोडणारी रायझर केबल. अशा पेटींत उघड्या रचनेचे पंखे बाजूच्या जाळीला भिडतात आणि बाहेरची ताजी हवा घेतात. तेथें ही तऱ्हा उत्तम. आरपार वारा मात्र त्याच मधल्या भिंतीवर आदळतो. कार्डामागें मोकळी जागा व वर जाळी नसेल, तर त्याचा लाभ उणावतो. उलट, कार्ड मदरबोर्डांत थेट बसत असेल, तर आरपार वारा वर मुख्य प्रोसेसरच्या पंख्याकडे जातो. तेथें छताला हवा बाहेर काढणारा पंखा हवा. बाजूला जाळीऐवजीं सलग कांच असेल, तर तीन पंखेहि गुदमरतात. आणि जिच्यांत वारा खेळण्यास कोठेंच वाट नाहीं, अशा पेटींत आवाज सोसूनहि ब्लोअरच बरा.

जाडीचाहि विचार करावा. एका स्लॉटाचें अंतर २०.३२ मिलिमीटर. जाड कार्ड घेतलें कीं प्रोसेसरच्या शीतकाला उंची कमी पडते. फ्रॅक्टलच्या टेरा नांवाच्या १०.४ लिटरांच्या पेटींत मधली भिंत सरकवितां येते. पण एका बाजूस दिलें तें दुसरीकडून वजा होतें.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. परीक्षणांतील तपमानें बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलींत घेतलेलीं असतात. वैशाखांत खोली ३५ अंशांवर गेली, कीं तेवढे अंश कार्डावरहि चढतात. मर्यादा ओलांडूं लागली कीं कार्ड आपण होऊन आपली गति कमी करतें. म्हणजे मोल मोठ्या कार्डाचें, काम लहान कार्डाचें. आणि एकाच खोलींत कोणी अभ्यासास बसलें आहे, कोणी निजलें आहे, त्यांना पंख्याची घरघर फुकट!

म्हणून क्रम असा ठेवावा: आधीं पेटी ठरवावी, तींत वारा कोठून येणार व कोठून जाणार हें बोटानें दाखवितां आलें पाहिजे. मग त्या वाटेस झेपतील तेवढे वॅट ठरवावे, आणि सर्वांत शेवटीं पंख्यांची तऱ्हा. कार्ड घरीं आल्यावरहि विजेची मर्यादा थोडी खालीं आणून पाहावी; गति थोडीच घटते, उष्णता व आवाज पुष्कळ उतरतात. पंख्यांची संख्या खोक्यावर छापलेली असते; वाऱ्याची वाट मात्र आपणांसच शोधावी लागते.