पदवीच्या पुढचे पान



अध्यक्षीय भाषणात शिक्षणाच्या ध्येयाविषयी बोलण्याची रीत आहे. मी आज एका वहीविषयी बोलणार आहे. आपल्या बहुतेक लहान ख्रिस्ती महाविद्यालयांत ती वही नाही, आणि ती नाही म्हणून आपण आपल्या विद्यार्थ्यांचे किती नुकसान करतो, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळले.

आपल्या प्रत्येक चर्चमध्ये जुनी, जाड पुठ्ठ्याची रजिस्टरे असतात. बाप्तिस्मा, विवाह, दफन. कुणाचे मूल कधी पाण्यावर आणले, साक्षीला कोण होते, कोण कुठल्या गावी गेले, हे त्यात सापडते. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस शोधायचा तरी पाळकसाहेब कपाट उघडतात आणि पान सापडते. त्याच मंडळीने काढलेल्या महाविद्यालयात मात्र प्रवेशाची नोंद आहे, हजेरीची आहे, फीची आहे, निकालाची आहे, आणि निकालापाशी सगळे संपते. मुलगा गुणपत्रिका घेऊन, लिव्हिंग सर्टिफिकेटवर सही करून फाटकाबाहेर पडतो. त्यानंतर तो जगला कसा, याचे पान कोरे आहे.

गेल्या वर्षी मी माझ्याच एका जुन्या तुकडीचा कॅटलॉग घेऊन बसले. वाणिज्य शाखा, शेवटचे वर्ष. एकाकडून दुसऱ्याचा नंबर मिळवत महिनाभर फोन केले. जे ऐकले त्यातले थोडे सांगते.

अकाउंट्समध्ये वर्गात पहिला असलेला मुलगा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आहे. कंपनीत बसतो, कंपनीचे जीएसटीचे काम करतो, पण पगार ठेकेदाराच्या खात्यातून येतो. दर अकरा महिन्यांनी नवे पत्र. दुसरा उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात हिशेब ठेवायला लागला. आता स्वतःच्या चार शिलाई मशीन आहेत, हाताखाली माणसे आहेत. ‘बाई, मी नोकरीला नाही लागलो,’ असे तो मला फोनवर ओशाळून म्हणाला. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. चार घरांची चूल पेटवणाऱ्या माणसाला आपण ओशाळायला शिकवले, कारण आपल्या प्लेसमेंटच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता. एक मुलगी फोर्टमध्ये खासगी कंपनीत लागली होती. रोज साडेतीन तास लोकलमध्ये जात. बसायला जागा मिळावी म्हणून उल्हासनगरहून आधी उलटी अंबरनाथला जायची आणि तीच गाडी परतीला धरायची. बाळ झाल्यावर दीड वर्षाने तिने नोकरी सोडली. आज वांगणीला घरी शिकवण्या घेते. आपल्या कागदावर ती अजूनही ‘नोकरीस लागली’ अशीच आहे.

मित्रहो, नॅकच्या मूल्यांकनासाठी माहिती पाठवताना आपण विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा भाग भरतो. किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले. त्यासाठी ऑफर लेटरच्या झेरॉक्स गोळा करतो. ते करायलाच हवे. पण ऑफर लेटर हा उंबरठा आहे. आत गेल्यावर माणूस टिकला का, चढला का, की तिसऱ्या महिन्यात घरी आला, हे त्या झेरॉक्सवर कधीच दिसत नाही. माझे ठाम मत आहे की महाविद्यालयाचा खरा निकाल पदवीनंतर दहाव्या वर्षी लागतो, आणि तो निकाल आपण कधी पाहिलेलाच नाही.

आपल्या आधीच्या पिढ्या अशा नव्हत्या. १८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे आलेल्या बहुतेक मुली विधवा, दुष्काळातून वाचलेल्या, कुणाच्याही नसलेल्या. रमाबाईंनी त्यांना अक्षरओळख दिलीच, शिवाय विणकाम, शेती, दूधदुभते, शिक्षिकेचे काम आणि छापखाना दिला. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले, तिथल्या बायकांनी खिळे जुळवले. ते १९२४ साली बाहेर आले, तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षे झाली होती. इथून बाहेर पडणारी बाई उद्या कशावर पोट भरेल, हा प्रश्न त्या संस्थेत प्रवेशाच्या दिवशीच विचारला जात होता.

अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनने शाळेच्या जोडीला उद्योगशाळा चालवली. त्याच नगरमध्ये १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवलेला हा माणूस दुष्काळी जिल्ह्यात परत आला आणि खेड्यातल्या पोरांना जवळ पडेल असे कॉलेज काढले. अॅडव्हेंटिस्ट मंडळींचे स्पायसर कॉलेज १९१५ मध्ये कोइंबतूरला सुरू झाले आणि १९४२ मध्ये पुण्याला आले. तिथे विद्यार्थी बेकरीत, शेतात, वर्कशॉपात राबून फी फेडत. त्यांच्या बेकरीचा पाव पुणेकरांच्या घरी जात होता. काम करणे हे कमीपणाचे आहे असे शिकलेल्या मुलाला वाटू नये, ही या साऱ्यामागची जाण होती.

आणि एक नाव तर आपण सगळेच घेतो. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पोटासाठी त्यांनी सरकारी नोकरी धरली नाही, कंत्राटदारी केली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. त्या कंत्राटदारीच्या बळावर ते स्वतंत्र राहिले आणि जे बोलायचे ते बोलले. म्हणून मी जीन्सवाल्या माझ्या विद्यार्थ्याला पुन्हा फोन केला आणि हे त्याला सांगितले.

आता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन गावांकडे येते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. बराकीत राहून त्या लोकांनी बाजार उभा केला. तिथे मुलगा पेढीवर बसून धंदा शिकतो, आणि पेढीवर बसणे हेच त्याचे शिक्षण मानले जाते. अंबरनाथचे वळण वेगळे. विम्कोची काडेपेटी, पन्नाशीच्या दशकात आलेली ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. विम्को कधीच बंद झाली, विम्को नाका तेवढा राहिला. पूर्वी इथे म्हणत, ऑर्डनन्समध्ये चिकटला की दोन पिढ्यांचे भागले. आपल्या मंडळींतल्या कितीतरी कुटुंबांची घरे त्या पगारावर उभी राहिली. मुलांना कॉलेजला घालायचे बळ तिथूनच आले. २०२१ च्या ऑक्टोबरपासून आयुधनिर्माणींच्या सरकारी कंपन्या झाल्या. बापाची नोकरी मुलाला तशीच मिळेल हा भरवसा आता कुणीच देत नाही. आणि बदलापूर तर मुंबईला परवडत नाही म्हणून आलेल्यांचे गाव. इथला पदवीधर मुंबईत कमावतो आणि इथे झोपतो.

अशा ठिकाणी लहान महाविद्यालयाने काय करावे? मोठ्या कंपन्या आपल्या कॅम्पसवर येणार नाहीत. आपल्या वर्गात मुले थोडी असतात, त्यांच्या दृष्टीने ती खेप परवडत नाही. पण थोडी मुले हेच आपले बळ आहे. मला प्रत्येकाचे घर माहीत होते, बाप दारू पितो का हे माहीत होते, आईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे की गहाण पडले हेही कधीकधी माहीत होते. जी गोष्ट हजार मुलांच्या कॉलेजला जमणार नाही, ती आपल्याला जमते: एकेका मुलाचा कागद वेळेवर तयार करणे.

या कागदाबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण माझ्या डोळ्यांसमोर मुलांच्या संधी गेल्या आहेत.

आपल्यातली पुष्कळ कुटुंबे नगर, जालना, सोलापूर या बाजूच्या दलित वस्त्यांतून ख्रिस्ती झालेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा भेद काढावा असे म्हटले, २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. हा न्याय व्हायला हवा असे मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगते. पण तोवर आपल्या हातात काय आहे? महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश आहे. म्हणजे राज्याच्या भरतीत आपला मुलगा त्या प्रवर्गातून बसू शकतो. त्यासाठी जातीचा दाखला हवा, जात वैधता हवी, नॉन-क्रीमिलेअर हवे, आणि १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. इथे गाडी अडते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसते ‘ख्रिश्चन’ लिहून ठेवले आहे. मूळ जात कुठेच नाही. मुलगा हे सगळे शोधायला निघतो तेव्हा जाहिरात येऊन गेलेली असते, शेवटची तारीख उलटलेली असते.

माझी एक विद्यार्थिनी अशीच राहिली. लेखी परीक्षेत चांगली आली होती. गावच्या जुन्या चर्चच्या रजिस्टरात तिच्या पणजोबांची नोंद होती, आधीच्या समाजासह. ती सापडली तेव्हा निवड यादी लागून चार महिने झाले होते. तिच्या प्रथम वर्षालाच आपण तिला विचारले असते, तर तीन वर्षे हातात होती. तिची वर्गशिक्षिका म्हणून मी विचारले नाही. ही चूक माझी आहे.

दुसरा कागद अॅप्रेंटिसशिपचा. १९६१ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची वाट खुली झाली. आपल्या दारात एमआयडीसी आहे. तरी आपली मुले समजतात की अॅप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाला. ठेकेदाराकडे अकरा-अकरा महिने काढण्यापेक्षा नोंदणीकृत शिकाऊ वर्ष केव्हाही बरे. त्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि पुढच्या मुलाखतीत ते बोलते.

तिसरी गोष्ट आपल्या धर्मशास्त्र विद्यालयांना सांगते, प्रेमाने. सेवेचे बोलावणे घेऊन येणाऱ्या तरुणाला प्रवेशाच्या दिवशी लेखी सांगा की ही पदवी कोणत्या सरकारी परीक्षेला चालते आणि कोणत्या नाही. सगळेच जण शेवटपर्यंत पाळक राहत नाहीत. तिशीत, दोन लेकरे पदरात असताना त्याला हे बँकेच्या खिडकीवर कळू नये.

आणि मुलींविषयी. त्या नोकरी सोडतात याचे खापर आपण त्यांच्या लग्नावर फोडतो. मी फोनवर विचारत गेले तेव्हा पुन्हापुन्हा ऐकले ते लोकलविषयी. दारात लटकत जाणे, रात्री सव्वानऊला उतरणे, रिक्षाची रांग, घरी सासूबाईंकडे ठेवलेले मूल. अंबरनाथ आणि बदलापूरच्या कारखान्यांत, रुग्णालयांत, शाळांत, पतसंस्थांत तिच्यासाठी काम शोधणे हे आपले काम आहे. त्यासाठी प्राचार्यांनी स्वतः कारखान्याच्या गेटवर जाऊन मॅनेजरला भेटावे लागते. मी पाहिले आहे, भेटल्यावर जागा निघते.

तर वहीकडे परत येते. माझी आपल्याला विनंती अशी आहे. येत्या जूनमध्ये प्रवेशाची गर्दी ओसरली की प्रत्येक महाविद्यालयाने दहा वर्षांपूर्वीची एक तुकडी निवडावी. एकच. कॅटलॉगमधली नावे एका नव्या रजिस्टरात उतरवावीत. प्रत्येक नावासमोर आजचे काम, पहिले काम, सोडले असेल तर कारण, आणि आपण काय दिले असते तर बरे झाले असते, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहावे. जो सापडत नाही त्याच्यासमोर ‘सापडला नाही’ असे लिहावे. पुढच्या तुकडीच्या शिक्षकाला तेही कळू द्या. ज्यांना काम नाही त्यांची नावे वगळू नका. ते पान प्रथम वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात वाचून दाखवा.

माझ्या तुकडीची वही मी आज सोबत आणली आहे. ती या टेबलावर ठेवते आहे. चहाच्या वेळी ज्यांना रकाने उतरवून घ्यायचे असतील त्यांनी घ्यावेत. त्यातल्या तीन जणांचा पत्ता मला अजून लागलेला नाही. कल्याण–कर्जत लाइनवर कुणाला माहीत असेल, तर मला येऊन सांगा.