हाताला हालचालीची जोड

आपल्या स्नायूंभोवती एक चिवट आवरण असतं … त्याला फॅशिया म्हणतात. अमेरिकेत आयडा रॉल्फ यांनी ते हातांनी दाबून, ताणून उपचार करण्याची पद्धत रुजवली. हाताने आवरण सैल होतं, असं त्या मानत. पण तळपायाचं आवरण फार घट्ट असतं … हाताच्या दाबाने त्याचा आकार बदलणं अवघड. मग हाताने नेमकं काय बदलतं? … असे प्रश्न घेऊन २००७ साली बोस्टनला फॅशियावरच्या परिषदेत संशोधक आणि उपचारक एकत्र बसले.

मग या उपचाराने मिळणारा आराम खोटा का? … मुळीच नाही. स्पर्शाने मज्जासंस्था निवते, वेदना कमी जाणवते … हा खुलासा आज अधिक पटतो. मात्र असा आराम बहुधा थोडाच काळ टिकतो. म्हणून … हात वेदना उतरवतो, हालचाल आराम टिकवते. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम नियमित करा. पुन्हा एकदा … हाताला हालचालीची जोड हवीच.