पट्टी आणि फाटक



जो कधी महाविद्यालयाची पायरी चढला नाही, त्याने अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेवर बोलावे, याचे आपल्यास नवल वाटेल. परंतु माझे आयुष्य एकाच प्रश्नाशी झगडण्यात गेले आहे. फाटकातून आत कोणाला घ्यावयाचे, आणि ते कोणी ठरवावयाचे? फाटक कारखान्याचे असो की विद्यापीठाचे, प्रश्न तोच. आज आपल्याकडील मुलेही डॉलरांत शुल्क भरून ‘सॅट’ या परीक्षेला बसतात. चारशे ते सोळाशे गुणांच्या या पट्टीवर त्यांचे माप घेतले जाते. तेव्हा ही पट्टी कोणी घडविली, हे आपणही पाहावयास हवे.

अमेरिका १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिने सतरा लाखांच्या आसपास सैनिकांची बुद्धी कागदावर मोजली. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली पुस्तक लिहिले. उत्तर युरोपातून आलेले लोक बुद्धीने वरचढ आणि बाकीचे खालचे, असा त्याचा निष्कर्ष होता. याच गृहस्थाच्या देखरेखीखाली ‘सॅट’ तयार झाली, आणि २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार मुले तिला प्रथम बसली. पुढे १९३० साली ब्रिगहॅमने आपले ते निष्कर्ष निराधार असल्याचे स्वतःच कबूल केले. म्हणजे ही पट्टी जन्मतःच सोवळी नव्हती.

इतके ऐकून आपण म्हणाल, मोडून टाका ती पट्टी! मीही कदाचित तेच म्हटले असते. पण त्याच सुमारास हार्वर्डमध्ये काय चालले होते, तेही ऐका. १९२२ साली तेथील नव्या विद्यार्थ्यांत सुमारे पाचवा हिस्सा ज्यू होता. अध्यक्ष लॉवेल यांना तो कमी करावयाचा होता. उघड मर्यादा घालण्यास विरोध झाला. तेव्हा अर्जदाराचे ‘चारित्र्य’ पाहावे, छायाचित्र घ्यावे, शिफारसी मागवाव्यात, अशी वाट काढण्यात आली. ज्यूंना बंदी असे कोठे लिहिले नाही, तरी त्यांची संख्या घटली. गुणांनी जे अडवता आले नाही, ते मर्जीने अडवले.

त्याच हार्वर्डमध्ये १९३३ साली जेम्स कोनंट अध्यक्ष झाले. पूर्वेकडील श्रीमंत निवासी शाळांबाहेरची हुशार मुले शोधण्यासाठी त्यांनी शिष्यवृत्त्या काढल्या, आणि निवडीसाठी हाती घेतली तीच ‘सॅट’. ज्या पट्टीचा पूर्वज माणसांना खाली ढकलण्यासाठी वापरला गेला, तीच काहींना वर काढण्यासाठी कामी आली.

गिरणीतल्या जुन्या माणसांकडून ऐकलेली एक गोष्ट मला येथे आठवते. एके काळी मुंबईच्या गिरणीत बदली कामगाराला काम मिळे ते जॉबरच्या मर्जीने. दस्तुरी द्या, त्याच्या घरची कामे करा, मग आत या. १९३५ पासून बदलीवाल्यांना कार्डे मिळू लागली. जॉबरचा जुलूम त्याने एका दिवसात संपला नाही. परंतु कार्ड हाती असले की माणूस विचारू शकतो, माझा नंबर आधी असता हा पुढे कसा गेला? यादी चुकीची असेल, तर तिच्यावर बोट ठेवून भांडता येते. मर्जीवर बोट कोठे ठेवणार?

आता अलीकडचा इतिहास पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने २०२० साली ही परीक्षा तूर्त ठेवावी असे सुचविले. तरीही त्याच वर्षीच्या मे महिन्यात नियामक मंडळाने ती टप्प्याटप्प्याने काढण्याचा ठराव केला. करोनाच्या साथीत बहुतेक विद्यापीठांनी गुण देणे ऐच्छिक केले. मात्र २०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेने, आणि २०२४ साली डार्टमथ, येल, हार्वर्ड यांनी परीक्षेची सक्ती पुन्हा आणली. डार्टमथच्या पाहणीत आढळले की, गरीब घरची मुले आपले गुण कमी समजून लपवीत होती. आणि ते पाठविले असते, तर त्यांचा प्रवेश सुकर झाला असता. साध्या शाळेतून आलेल्या मुलाचे चौदाशे गुण मोठे असतात, हे त्या मुलाला सांगणारा घरात कोणी नव्हता.

श्रीमंतांची मुले शिकवण्या लावून अधिक गुण मिळवितात, हे खरेच आहे. पण शिकवणी केवळ परीक्षेचीच लागत नाही; निबंध लिहून देणारा, खेळ शिकविणारा, ओळखीचा धागा जोडणारा, हेही पैशानेच मिळतात. १९२३ साली नव्हे, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासाने दाखविले की, गुण सारखे असताही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले बारा नामांकित विद्यापीठांत दाखल होण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि गुणांपलीकडच्या ‘व्यक्तिमत्त्वा’ची किंमत ही त्याची मुख्य कारणे. मित्रहो, आकड्यात पक्षपात होता; पण त्याहून मोठा पक्षपात आकड्याबाहेर होता, आणि तो आकड्यामुळेच उघडकीस आला!

म्हणून माझे मागणे साधे आहे. पट्टी ठेवा, पण ती उघड्यावर ठेवा. मूल कोणत्या शाळेतून, कोणत्या घरातून आले, ते तिच्या शेजारी लिहा, आणि मग माप वाचा. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्याकडून मापाचे शुल्क घेऊ नका. वडिलांच्या नावाने मिळणारा मागचा दरवाजा बंद करा. आणि पालकहो, आपल्या मुलाला कमी गुण मिळाले, तर पट्टीने त्याची बुद्धी मोजली असे समजू नका. त्या सकाळी त्याने किती उत्तरे बरोबर दिली, एवढेच तिने मोजले आहे.

फाटकावरचा माणूस बदलतो, त्याचा गणवेश बदलतो. त्याच्या हाती लेखी नियम असावा, आणि तो नियम बाहेर उभ्या असलेल्या मुलालाही वाचता यावा, एवढ्यासाठी भांडत राहणे आपल्या हाती आहे.